माप आपल्या हाती

जमिनीचा सौदा असो, विहिरीची खोदाई असो, की मातीकामाची मजुरी असो, शेवटी पैसा ठरतो तो मापावर. भाव ठरवताना आपण मोठी घासाघीस करतो. चार पैसे कमी झाले की खूश होतो. पण माप कोण घेतो? ते दुसराच कोणीतरी घेतो. तो फीत धरतो, कागदावर आकडे मांडतो, आणि आपण म्हणतो, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." मग भावात जे वाचवले ते मापात निघून जाते.

आता तुम्हाला अक्षरे लागतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार जमतो. एवढ्या शिदोरीवर शेताचे क्षेत्र, विहिरीची माती आणि ट्रॉलीतील वाळू काढता येते. त्याला मोठी शाळा लागत नाही. एक फीत, एक लांब दोरी आणि चार खुंट्या जवळ ठेवा. पाटी-पेन्सिल घ्या. आम्ही सांगतो तसे एकेक करून पाहा.

काठ सारखा, जमीन वेगळी

प्रथम एक गंमत पाहू. आपल्याजवळ ४०० फूट तार आहे असे समजा. त्या तारेचे कुंपण घालून जागा अडवायची आहे.

पहिल्या माणसाने १०० फूट लांब आणि १०० फूट रुंद अशी चौरस जागा अडवली. चार बाजू मिळून ४०० फूट झाल्या. तार संपली. दुसऱ्याने १५० फूट लांब आणि ५० फूट रुंद जागा अडवली. १५० आणि ५० म्हणजे २००, त्याची दुप्पट ४००. त्याचीही तार तेवढीच लागली. तिसऱ्याने रस्त्याच्या कडेने १८० फूट लांब आणि २० फूट रुंद पट्टी अडवली. तिलाही तार ४०० फूटच.

तिघांची तार सारखी. पण जमीन सारखी आहे का? पहिल्याची जागा १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० चौरस फूट. दुसऱ्याची १५० गुणिले ५०, म्हणजे ७,५०० चौरस फूट. तिसऱ्याची १८० गुणिले २०, म्हणजे अवघी ३,६०० चौरस फूट. पहिल्याच्या तुलनेत तिसऱ्याच्या पदरात निम्मीसुद्धा जमीन आली नाही.

म्हणून पहिला धडा हा, की बांधावरून फेरी मारून जमिनीचा अंदाज करू नये. "माझ्या तुकड्याला फेरी मारायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे वाटणी सारखी झाली," असे म्हणणारा माणूस फसतो. काठ निराळा आणि क्षेत्र निराळे.

तीन प्रश्न, तीन मापे

कुठलेही माप घेण्याआधी स्वतःला विचारा, मला नेमके काय हवे आहे?

कुंपणाची तार, शेताचा बांध, साडीची किनार, दाराची चौकट यांना काठाचे माप लागते. पुस्तकात याला परिमिती म्हणतात. सगळ्या बाजू मिळवल्या की झाले. हे माप फुटांत किंवा मीटरमध्ये येते.

पेरणी, फरशी, छपराचे पत्रे, भिंतीचा रंग यांना क्षेत्राचे माप लागते. याला क्षेत्रफळ म्हणतात. समजा, खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद अशा फरश्या बसवायच्या आहेत. एका रांगेत १२ फरश्या बसतील. अशा रांगा १० होतील. बारा दाहे एकशेवीस. म्हणजे १२० फरश्या लागतील. त्या एका फरशीएवढी जागा म्हणजे एक चौरस फूट.

माती, वाळू, पाणी, धान्य यांना तिसरे माप लागते. त्याला घनफळ म्हणतात. यात लांबी आणि रुंदीबरोबर खोली किंवा उंचीही धरतात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असे खोके घ्या. त्यात मावेल तेवढे एक घनफूट.

इथे दोन ठेचा लागतात, त्या आताच सांगतो. "दहा फूट चौरस" आणि "दहा चौरस फूट" हे एक नव्हे. दहा फूट चौरस जागा म्हणजे दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद. ती १०० चौरस फूट भरते. बोलणारा बोलून जातो, पण कागदावर सही करताना शब्द नीट वाचा. दुसरी ठेच मीटरची. एक मीटर म्हणजे सुमारे ३.२८ फूट. पण एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. लांबीचा आकडा क्षेत्राला लावला की हिशेब कोसळला.

गुंठा कुठून आला

आपल्याकडे जमीन गुंठ्यांवर चालते. गुंठा म्हणजे किती, हे पुष्कळांना तोंडपाठ नसते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची मोजणी झाली, तेव्हा ३३ फुटांची साखळी वापरीत. त्या साखळीचे १६ भाग करीत आणि प्रत्येक भागाला आणा म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, म्हणजे १,०८९ चौरस फूट. गुंठ्याचेही आणे सोळाच. म्हणून जमिनीचा एक आणा सुमारे ६८ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे झाले की एक एकर. एकर भरतो ४३,५६० चौरस फूट.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. सात-बाराच्या उताऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. आर म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा, अर्थात १०० चौरस मीटर. शंभर आरांचा एक हेक्टर. हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे.

आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, म्हणून लोक एकालाच दुसऱ्याचे नाव देतात. पण आर थोडा लहान आहे. तो सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. एका गुंठ्यामागे १२-१३ चौरस फुटांचा फरक पडतो. एक एकर म्हणजे ४० आर नव्हे, सुमारे साडेचाळीस आर. रानातल्या जमिनीत एवढे चालून जाते. गावठाणातला किंवा सडकेच्या कडेचा तुकडा असेल, तर एवढ्या जागेत उंबरठा बसतो. तेव्हा सौदा गुंठ्याचा आहे की आराचा, ते आधी बोलून घ्यावे.

वाकडे शेत आणि तिरकी बाज

आता खरी अडचण. शेत काही पाटीवरच्या चौकोनासारखे सरळ नसते. एक बांध लांब, एक आखूड, एक ओढ्याच्या वळणाने गेलेला. अशा शेताचे क्षेत्र कसे काढावे?

गावात एक सोपी रीत चालते. समोरासमोरच्या दोन बांधांची सरासरी घ्यायची, उरलेल्या दोन बांधांची सरासरी घ्यायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. सरासरी म्हणजे बेरीज करून निम्मे. रीत झटपट आहे, पण खरी नाही. ती फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये आपल्या ग्रंथात ती 'स्थूल' म्हणून सांगितली. स्थूल म्हणजे ढोबळ. ती ढोबळ आहे हे पुढच्या लोकांनी विसरून टाकले आणि रीत तेवढी ठेवली.

ती का चुकते, ते घरातल्या बाजेवर पाहा. बाजेचे चारही गात कितीही घट्ट असले, तरी सैल झालेली बाज एका कोपऱ्याला ढकलली की तिरकी होते. गातांची लांबी तीच राहते. काठ तोच राहतो. पण मधली जागा कमी होते. आणखी ढकलली तर बाज जवळजवळ मिटते. चार बाजू तेवढ्याच आणि झोपायला जागाच नाही! शेताचेही तसेच. फक्त चार बांध मोजून क्षेत्र कळत नाही. चौकोन काटकोनी असला तरच ती रीत बरोबर येते. नाहीतर ती नेहमी जास्त क्षेत्र दाखवते, कमी कधीच दाखवत नाही. म्हणजे तोटा नेहमी घेणाऱ्याचा.

आपला भास्कराचार्य हेच सांगून गेला. त्याचा 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ इ. स. ११५० चा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ चालवला, असे त्या लेखावरून कळते. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला भास्कराचार्याने लीलावतीत चांगलेच फटकारले आहे. आणि उत्तर देणाऱ्याला तर त्याहून जास्त!

मग खरी रीत कोणती? शेताच्या आत शिरायचे.

पाटीवर एक वाकडा चौकोन काढा. त्याच्या कोपऱ्यांना ओळीने अ, ब, क, ड अशी नावे द्या. अ पासून समोरच्या क पर्यंत सरळ रेघ मारा. तिला कर्ण म्हणतात. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. शेतात हीच रेघ दोरीने आखायची. मग ब या कोपऱ्यापासून दोरीपर्यंतचे सर्वांत जवळचे अंतर मोजायचे. ते दोरीला काटकोनात येते. त्याला लंब म्हणतात. तसेच ड पासूनही मोजायचे.

त्रिकोणाचे क्षेत्र सोपे आहे. लांबट चौकोनी कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके कापले, तर दोन सारखे तुकडे होतात. म्हणून त्रिकोण हा चौकोनाच्या निम्मा. कर्ण गुणिले लंब, आणि त्याचे निम्मे.

आता खरे आकडे घालू. अ-ब हा बांध १०० फूट, ब-क १७०, क-ड २०० आणि ड-अ १३० फूट. ढोबळ रीतीने १०० आणि २०० ची सरासरी १५०. १७० आणि १३० ची सरासरीही १५०. दीडशे गुणिले दीडशे, २२,५०० चौरस फूट. म्हणजे जवळजवळ २० गुंठे ११ आणे.

याच शेतात दोरी टाकली. अ-क कर्ण भरला २१० फूट. ब चा लंब ८० फूट आणि ड चा लंब १२० फूट. पहिला त्रिकोण २१० गुणिले ८० चे निम्मे, ८,४००. दुसरा २१० गुणिले १२० चे निम्मे, १२,६००. दोन्ही मिळून २१,००० चौरस फूट. म्हणजे १९ गुंठे आणि साडेचार आणे.

फरक १,५०० चौरस फुटांचा. एक गुंठा सहा आणे! गुंठ्याचा भाव एक लाख रुपये धरला, तर एक लाख सदतीस हजारांहून जास्त रुपये नसलेल्या जमिनीला द्यावे लागले. बांध तेच, फीत तीच, आणि कुणी खोटे बोललेही नाही. फक्त रीत ढोबळ होती.

शेताला पाच-सहा कोपरे असले तरी घाबरू नका. त्याचे तीन-चार त्रिकोण पाडा, एकेक मोजा आणि बेरीज करा. सरकारी मोजणीची जुनी शंकू-साखळीची रीतही याच तत्त्वावर होती. शेतातून एक सरळ रेघ धरायची आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्याचा लंब मोजायचा.

काटकोन कसा ओळखावा? गवंड्याजवळ गुण्या असतो. तो नसेल तर दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून बारा भाग पाडा. तीन भाग एका बाजूला, चार भाग दुसऱ्या बाजूला आणि पाच भाग तिसऱ्या बाजूला असा त्रिकोण ताणा. तीन आणि चार यांच्यामधला कोपरा बरोबर काटकोन होतो. घराचा पाया आखतानाही ही दोरी उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट. जमीन उताराची असेल तर फीत उतारावर टेकवून मोजू नका. ती आडवी, पाण्याच्या पातळीसारखी धरा. उतारावर धरलेली फीत अंतर जास्त दाखवते, आणि कागदावरचे क्षेत्र हे सपाट मापाचे असते.

विहिरीचे तोंड

गोल आकाराला बाजू नसतात. तिथे व्यास मोजावा. व्यास म्हणजे मधोमध आरपार अंतर. व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागले की काठ मिळतो. भास्कराचार्याने यापेक्षा बारीक माप दिले आहे, पण व्यवहाराला २२ आणि ७ पुरे, असेही सांगितले आहे. काठाला व्यासाने गुणून ४ ने भागले की तोंडाचे क्षेत्र आले.

विहिरीचा व्यास २१ फूट धरा. २१ गुणिले २२ भागिले ७, काठ आला ६६ फूट. ६६ गुणिले २१ भागिले ४, म्हणजे ३४६ आणि अर्धा चौरस फूट. विहीर ३० फूट खोदली तर माती किती निघेल? साडेतीनशेला साडेतीन कमी, गुणिले ३०. म्हणजे १०,३९५ घनफूट.

आता खोदणारा म्हणाला, "विहीर जरा मोठी घेऊ, २८ फुटांची. सातच फूट तर वाढतात." व्यास एकतृतीयांशाने वाढला. खोदाई किती वाढेल? २८ फुटांचा काठ ८८ फूट, आणि तोंड ६१६ चौरस फूट. ३४६ चे ६१६ झाले. खोदाई पावणेदोनपटीहून जास्त वाढली. व्यास दुप्पट केला तर खोदाई चौपट होते. "जरा मोठी" या शब्दाची किंमत अशी असते. तेव्हा हो म्हणण्याआधी पाटीवर आकडा मांडा.

त्याच २१ फुटी विहिरीत १० फूट पाणी असेल, तर ते ३,४६५ घनफूट भरते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे विहिरीत सुमारे ९८ हजार लिटर पाणी आहे. उन्हाळ्यात किती दिवस पुरेल, ते घरच्या खर्चावरून काढता येते.

ब्रास म्हणजे काय

वाळू, खडी, मुरूम आपण ब्रासवर घेतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हे एकदा पक्के ध्यानात ठेवा.

ट्रॉली आली की प्रथम आतून लांबी मोजा, मग आतून रुंदी मोजा. समजा, लांबी १० फूट आणि रुंदी ५ फूट आहे. तर वाळू २ फूट उंच असली पाहिजे. दहा पंचे पन्नास, पन्नास दुणे शंभर. झाली एक ब्रास. वाळू दीड फुटाची असेल, तर ती ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. ट्रॉलीवर ब्रास लिहिलेली नसते, ती भरावी लागते.

वाळू मधे ढिगासारखी उंच आणि कडेला खोल असते. एकट्या मधल्या जागेची उंची धरू नका. काठी खुपसून चारही कोपऱ्यांत आणि मधे अशी पाच ठिकाणी उंची मोजा. पाचांची बेरीज करून पाचांनी भागा. तीच खरी उंची.

मातीकामाची मजुरी

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. गावोगाव पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांची कामे निघाली. लाखो लोक खडी फोडायला आणि माती उचलायला गेले. त्यांत बायांची संख्या मोठी होती. पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. या कामांवर मजुरी ठरे ती बहुतेक कामाच्या मापावर. किती तास राबलात यापेक्षा किती माती काढलीत, ते पाहत. म्हणून ज्याला आपली चौकडी मोजता येत नव्हती, त्याला आपली मजुरीही मोजता येत नव्हती.

चौकडी म्हणजे माती काढण्यासाठी आखून दिलेला चौकोनी खड्डा. तिची लांबी आणि रुंदी उघड दिसते. वाद होतो तो खोलीवर. समजा, चौकडी २० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. तळ एकसारखा नाही. कुठे कठीण मुरूम लागला म्हणून खोली एक फूट, कुठे दोन. पाच ठिकाणी खोली भरली २, दीड, १, दीड आणि २ फूट. बेरीज ८. पाचांनी भागले तर खोली आली १.६ फूट. माती झाली २० गुणिले १० गुणिले १.६, म्हणजे ३२० घनफूट. पण मोजणाऱ्याने फक्त उथळ जागी काठी लावली, तर हिशेब होईल २०० घनफुटांचा. १२० घनफूट माती कुणी काढली? ती आपल्याच बायामाणसांनी काढली, आणि तिचा दाम कुणाला मिळाला नाही.

खड्डा वेडावाकडा असेल तर निरनिराळ्या ठिकाणी मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी, हा नियमही लीलावतीत दिलेला आहे. तेव्हा आपण काही नवी मागणी करत नाही. जवळजवळ नऊशे वर्षांचा नियम आहे हा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चौकडीच्या मधे थोडी माती न खोदता उभी ठेवतात. तिच्यावरून मूळ जमीन कुठवर होती ते कळते. मोजमाप होईपर्यंत ती तोडू नका. आणि माप खड्ड्याचे घ्यावे, ढिगाचे नव्हे. खोदलेली माती भुसभुशीत होऊन फुगते. खड्ड्यापेक्षा ढीग मोठा दिसतो. ढिगाला खड्ड्याचा दर मागितला तर तोही हिशेब खोटाच.

डोंगरउतारावरचे चर वर रुंद आणि तळाला अरुंद असतात. वर ३ फूट आणि खाली २ फूट असेल तर रुंदी अडीच फूट धरा. खोली २ फूट आणि लांबी ४० फूट असेल, तर माती अडीच गुणिले २ गुणिले ४०, म्हणजे २०० घनफूट. दोन ब्रास.

खळ्यावरची रास

शेवटी घरात येणारे माप. खळ्यावर धान्याची रास घातली आहे. काटा जवळ नाही. रास किती भरेल?

लीलावतीत याचीही रीत आहे. राशीचा तळाशी घेर दोरीने मोजा. त्याचा सहावा भाग काढा. त्याला त्यानेच गुणा. मग राशीच्या उंचीने गुणा. घेर २४ फूट असेल तर सहावा भाग ४. चार चोक सोळा. रास अडीच फूट उंच असेल तर १६ गुणिले अडीच, म्हणजे ४० घनफूट. ही रीत खऱ्यापेक्षा शंभरात पाचाच्या आत जास्त दाखवते. अंदाजाला पुरे आहे.

आता एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा डबा किंवा खोके करा. ते त्याच धान्याने एकदा भरून वजन करा. त्या वजनाला ४० ने गुणा. रासभर धान्याचे वजन घरबसल्या कळले. मग बाजारात काट्यावर आकडा फार कमी पडला, तर विचारायला तोंड राहते.

सही करण्याआधी

आपण केलेली मोजणी कोर्टात पुरावा होत नाही. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून, फी भरून, सरकारी मोजणी मागवावी लागते. भूकरमापक येतो तेव्हा शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि खुणा दाखवल्या जातात. त्या वेळी हजर राहा. आपली मोजणी कशासाठी? तर अर्ज करावा की नको, सौद्याला हो म्हणावे की थांबावे, मजुरीचा कागद बरोबर आहे की नाही, हे आपले आपल्याला कळावे म्हणून.

दोघांनी मिळून मोजा. एकाने फीत धरावी, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचून लिहावा. भावाभावांची वाटणी असेल तर दोन्ही भावांच्या देखत मोजा. आकडा चौघांसमोर लिहिला की पुढे पोराबाळांत भांडण उरत नाही. आणि आपल्या मापात जमीन जास्त निघाली तर तेही मोकळेपणाने सांगा. माप दोन्हीकडे सारखेच चालते.

बांधावरून फिरू नका, आत दोरी टाका. खड्ड्याच्या तोंडाकडे पाहू नका, पाच जागी काठी लावा. मग सही करा.

करून पाहा

१. घराचे आवार ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. तीन पदरी कुंपणाला तार किती लागेल? जागा किती चौरस फूट?

२. ट्रॉली १० फूट लांब आणि ६ फूट रुंद आहे. वाळू दीड फूट भरली आहे. ब्रासला किती घनफूट कमी?

३. विहिरीचा व्यास १४ फूट, खोली २० फूट. माती किती घनफूट निघाली?

४. चौकडी १५ फूट लांब, १० फूट रुंद. चार ठिकाणी खोली १, २, दीड आणि दीड फूट. माती किती?

उत्तरे : १. तार ४२० फूट. जागा १,२०० चौरस फूट. २. १० घनफूट कमी. ३. ३,०८० घनफूट. ४. २२५ घनफूट.

उत्तरे जमली ना? आता उद्या सकाळी स्वतःच्या आवारात फीत लावा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.